नावेवरची रेघ

फार फार पूर्वी, नदीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. तिथल्या प्रत्येक नावेला बाहेरून एक पांढरी रेघ ओढलेली असे. पाणी रेघेला टेकलं की आणखी माणूस घ्यायचं नाही, असा वाडवडिलांचा नियम.

पैलतीरावरची एक कुंभारीण बाजाराला आली होती. परतताना लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायचं होतं. बाई मोठी संशयी. स्वतःच्या हातचं मडकंही टिचकी मारून ऐकल्याशिवाय विकत नसे.

लेकीला आणि उरलेल्या मडक्यांना नावेत बसवून ती चढणार, तोच तिची नजर रेघेवर गेली. रंग ताजा होता. त्याच्या वीतभर खाली, पाण्यात, जुनी रेघ पुसट दिसत होती.

"मुकादम, रेघ वर कशी चढली हो?"

घाटाचा मुकादम हसला. "मावशी, गर्दी वाढली. लोक उन्हात ताटकळतात. दर बाजाराला बोटभर वर नेली. एकदा तरी नाव बुडाल्याचं सांगत कुणी आलं का?"

"बुडालेला सांगायला कसा येईल?"

"बस गं बाई," नावेतून कुणीतरी म्हणालं, "नाहीतर नदीलाही टिचकी मारशील." सगळे हसले.

"आई, चल ना," लेक कळवळली. "इथेच कळा सुरू झाल्या तर?"

कुंभारणीचा पाय उचलेना. थांबावं तर लेक उन्हात, जावं तर पाण्यात.

तेवढ्यात मुकादमाची सून तान्ह्या बाळाला घेऊन आली. मुकादमाने तिला शेजारच्या नावेत बसवलं, मोजकी माणसं घेतली आणि त्या नावेची जुनी रेघ पाण्याच्या बरीच वर असतानाच नावाड्याला म्हणाला, "सोड."

"मुकादम," कुंभारीण म्हणाली, "नातवाला या नावेत द्या की. लेकीशेजारी जागा करते."

"ती भरली आहे."

"भरली कुठे? तुमची नवी रेघ तर अजून कोरडी आहे."

मुकादमाने मान फिरवली. नावेतलं हसू थांबलं. एक जण उतरला, मग दुसरा. जुनी रेघ पाण्याबाहेर आली, तेव्हा कुंभारीण चढली.

भर नदीत वारा सुटला. लाटा आत येऊ लागल्या. सगळ्यांनी तिच्याच मडक्यांनी पाणी उपसलं. टिचकीची थट्टा करणाऱ्याने सगळ्यात जोरात. नाव कशीबशी काठाला लागली. दिवेलागणीला लेकीला मुलगी झाली.

मग गावाने ठरवलं, नव्या रेघेपर्यंत भरलेली नाव सुटताना मुकादमाच्या घरचं माणूस तिच्यात बसलेलं हवं. रेघ न सांगता खाली आली. तरी कुंभारीण दर बाजाराला वाकून ती बघायचीच.

तात्पर्य: धोका थोडाच आहे असं जो सांगतो, त्याने स्वतःचं माणूस कुठल्या नावेत बसवलंय ते आपण आधी पाहावं.