राईमुंगीचं ओलं घर

धुण्याच्या खोलीत एक भिंत. भिंतीत एक फट. फटीत राहायची राईमुंगी.

राईने साखरेचा एक दाणा आणला. फटीत ठेवला. सकाळी बघते तर दाणा नाही. नुसतं गोड गोड पाणी.

"अगं बाई, माझा दाणा विरघळला."

भिंतीला ओल आली होती. ओल दिसू नये म्हणून नमूच्या बाबांनी तिथे कॅलेंडर टांगलं होतं. राईचं घर नेमकं कॅलेंडरमागे. ओल्या घरात दाणा राहणार कसा?

राई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"भिंती, भिंती, वाळ ना. माझं घर ओलं."

"मी नाही वाळणार. पायाशी पाणी साचलंय. कॅलेंडर लावून कोणी वाळतं का?"

राई खाली उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाण्या, पाण्या, जा ना. भिंत वाळेना, माझं घर ओलं."

"मी नाही जाणार. मला काय इथे बसायची हौस आहे? मोरीची जाळी वाट देत नाही." डुबुक.

राई कडेकडेने गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"जाळी, जाळी, वाट दे ना. पाणी जाईना, भिंत वाळेना, माझं घर ओलं."

"म्म, म्म. मी नाही वाट देणार. तोंडात मोजा अडकलाय."

"मोज्या, मोज्या, निघ ना. जाळी वाट देईना, पाणी जाईना, भिंत वाळेना, माझं घर ओलं."

"मी नाही निघणार. बादलीतून पडलो, तेव्हापासून इथेच आहे. नमू मला शोधत नाही. माझा जोडीदार तिकडे एकटाच."

राई बाहेरच्या खोलीत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

नमू गाडी गाडी खेळत होती. एका पायात लाल मोजा. दुसरा पाय उघडा.

"नमू, नमू, शोध ना. मोजा निघेना, जाळी वाट देईना, पाणी जाईना, भिंत वाळेना, माझं घर ओलं."

"मी नाही शोधणार. माझी गाडी चाललीय. पॉं पॉं."

राई उघड्या पायावर चढली. अंगठ्याशी थांबली. हळूच, अगदी हळूच, कुच्च.

"आई गं. आई, माझा दुसरा मोजा कुठाय?"

"शोध, राणी. मीही शोधते."

पलंगाखाली नाही. दाराआड नाही. धुण्याच्या खोलीत जाळीतून लाल टोक डोकावत होतं.

नमूने ओढलं. आईने ओढलं. पच्च. मोजा निघाला.

मोजा निघाला, जाळीने वाट दिली.
जाळीने वाट दिली, पाणी गेलं. गुड गुड गुड, सर्रर्र.
पाणी गेलं, भिंत वाळू लागली.

एक दिवस. दोन दिवस. पुष्कळ दिवस.

मग बाबांनी कॅलेंडर काढलं. भिंतीवर हात ठेवला.

"कोरडी आहे की. मी उगाच भिंतीला नावं ठेवत होतो."

नमूला फटीत राई दिसली.

"बाबा, हीच ती. हीच मला चावली, म्हणून तर मोजा सापडला."

"मग हिला काय द्यायचं?"

नमूने डब्यातून साखरेचा एक दाणा आणला. फटीपाशी ठेवला.

राईने दाणा आत नेला. रात्र झाली. सकाळ झाली. दाणा तिथेच.

आणि बाहेर दोरीवर दोन लाल मोजे, शेजारी शेजारी.