खापऱ्याचा परळ

नदीवर पूल बांधावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. उंबरटाकळी नावाचं गाव होतं. नदीनं गावाला तीन बाजूंनी विळखा घातलेला आणि चौथ्या बाजूला दगडी वेस. वेशीतून आत आलं की पहिलं घर लागायचं ते ठकूबाई कुंभारणीचं. त्यामुळं गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं, हे सगळ्यात आधी तिला दिसायचं. पण ठकूबाई कुणाला काही विचारायची नाही. विचारायचं काम शेजारची गोजराबाई करायची, आणि ते ती अगदी मन लावून करायची.

ठकूबाईचा नवरा तरुणपणीच गेला. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, असा त्यांच्यात रिवाज. म्हणून चाक भिंतीला टेकून राहिलं, ते राहिलंच. मग ठकूबाई नुसत्या हातांनी जमेल ते करायची. चुली करायची, रांजणाची झाकणं करायची, आणि पालथ्या मडक्यावर माती थापून परळ करायची. परळ म्हणजे मातीची पसरट थाळीच, काठ जरा वर आलेली. धड परळ बाजारात जायचे. काठ फुटलेले परळ कुत्र्यांचे.

तर तिचा आवा, म्हणजे भांडी भाजायची भट्टी, घरामागं होती. आवा विझला तरी राख ऊबदार राहायची, आणि गावातली सगळी कुत्री त्या राखेत येऊन पडायची. कुणी लंगडं, कुणी खरजुलं, कुणाच्या पाठीवर कढत पाणी पडलेलं. दिवसभर लोकांचे दगड खायचे आणि ठकूबाईच्या राखेत येऊन निजायचं.

"तुझ्या मडक्यांना कुत्र्यांचा वास मारतो गं," गोजरा म्हणायची.

"मारतो ना. म्हणून तर तुझं मांजर माझ्या दुधाला तोंड लावत न्हाई."

रंगराव पाटलांच्या दारात मात्र शिकारीची कारवानी कुत्री होती. लांब पाय, निमुळतं तोंड, अंग कसं रेशमासारखं. त्यांतली एक कुत्री एकदा व्याली, पिल्लांनी डोळे उघडले आणि ती बघून पाटलांचं डोकंच फिरलं. पिल्लांचा बाप कुणीतरी उकिरड्यावरचा असणार. एकाचं डोकं रुंद, अंगावर काळेतांबडे पट्टे, एक डोळा पांढुरका. असल्या डोळ्याचं जनावर धन्याचं वाटोळं करतं, असं लोक म्हणाले. पाटलांनी सगळी पिल्लं पोत्यात घालायला लावली आणि पोतं नदीत टाकायला सांगितलं.

ठकूबाई तेव्हा काठावर माती खणत होती. पोतं वाहत आलं, तिनं ते फावड्यानं ओढलं. बाकीची पिल्लं गार पडली होती. पट्टेवाल्या पिल्लानं उचकी दिली. तिनं ते पदरात घेतलं आणि थेट राखेत नेऊन पुरलं, नाक तेवढं बाहेर ठेवून. आव्यात एका बाजूनं जळलेलं आणि एका बाजूनं कच्चं राहिलेलं मडकं असावं, तसा त्याचा रंग. तिनं नाव ठेवलं खापऱ्या.

खापऱ्या वाढला तो गाढवाच्या शिंगराएवढा झाला. वाटसरू त्याला बघून हातातली पुरचुंडी टाकून पळायचे. आया पोरांना त्याचं नाव सांगून गप्प बसवायच्या. आणि तो कसा होता म्हणाल, तर गोजराच्या कोंबडीची पिल्लं त्याच्या पुढच्या पायांत शिरून झोपायची आणि ती उठेपर्यंत तो पाय हलवायचा नाही. ठकूबाईच्या गुडघ्यात कळ आली की तिच्या आधी त्याला कळायचं, असं म्हणतात. येऊन गुडघ्यावर हनुवटी टेकायचा. तिला पोटचं कुणी नव्हतं. गोजरा कधी विचारायची, "ठके, एकटीला घर खायला उठत न्हाई?" तर ती खापऱ्याकडं बोट दाखवायची.

एकच गोष्ट होती. त्याला पाण्याचं भय. आभाळ भरून आलं की तो थंड पडलेल्या आव्यात जाऊन बसायचा. आणि कुणी बघत असलं तर पाण्याला तोंडच लावायचा नाही. पोत्यात कोंबणारी माणसं पाण्याशीच उभी होती ना. तेव्हापासून पाणी आणि माणसाची नजर एका ठिकाणी आली की तो लटलटा कापायचा, तोंडातून लाळ गळायची, डोळे पांढरे व्हायचे. पहिल्यांदा ठकूबाईला वाटलं, हे तहानेनंच मरणार. मग एकदा परळ त्याच्यापुढं ठेवून ती पाठ फिरवून माती तुडवायला लागली, आणि मागून आवाज आला, लपक, लपक, लपक.

तेव्हापासून तसंच. ती परळ भरायची, पाठ फिरवायची, माती मळायची. मागचा आवाज ऐकल्याशिवाय तिनं स्वतः कधी घास घेतला नाही, असं म्हणतात.

मग एका वैशाखात बाहेरगावचं पिसाळलेलं कुत्रं वेशीतून आत आलं आणि पाटलांच्या धाकट्या भावाला, दौलतरावाला, चावलं. कुत्रं तिथंच मारलं गेलं. जखम भरली. सगळे विसरले. आणि मग दौलतराव पाण्याला भ्यायला लागला. तांब्या दिसला तरी किंचाळायचा. घसा कोरडा पडलेला, पाणी मागायचा, आणि पाणी आणलं की भिंतीवर डोकं आपटायचा. अख्ख्या गावानं ते बघितलं. तो गेला तेव्हा पाटलांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती आग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढं गाव जमलं. पाटील म्हणाले, "वेस लावून घ्या. गावात एक शेपूट जिवंत राहता कामा नये."

माणसांनी काठ्या उचलल्या. आणि कधी चावडीवर तोंड न उघडणारी ठकूबाई पुढं आली.

"पाटील, सगळी कशी पिसाळतील? त्या मुक्या जिवांनी काय केलंय?"

"मग कुठलं पिसाळलंय आणि कुठलं न्हाई, हे कसं वळखायचं? तू सांगतीस?"

आता तिनं विचार करून बोलायचं, तर विचाराला वेळ कुठं होता? माणसं काठ्या घेऊन उभीच होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "पाणी दाखवा त्यांना. दौलतरावांना पाणी बघवत नव्हतं. जे कुत्रं पाणी पिईल, ते शहाणं."

लोकांना ते पटलं. दौलतरावाचे हाल सगळ्यांनी बघितले होते, आणि सगळीच कुत्री मारायची हौस कुणालाच नव्हती. पाटलांनीही मान हलवली. "बरं. दिवस कलताना सगळी कुत्री हितं आणा. परळ तुझेच घे. पिईल ते जगंल. न्हाई पिणार ते मरंल."

बायांनी ठकूबाईचे हात धरले. म्हातारे म्हणाले, बाई, पुण्य लागेल तुला. ती घराकडं निघाली, आणि अर्ध्या वाटेत तिचे पाय एकदम थांबले.

घरी खापऱ्या दारात बसला होता. तिला बघून शेपटीनं माती झाडत होता.

तिनं गोजराला हाक मारली. परळ भरला, खापऱ्यापुढं ठेवला आणि गोजराला म्हणाली, तू हितं उभी राहा. खापऱ्या कापायला लागला.

"मी डोळे मिटते," गोजरा म्हणाली. तरी तो कापतच राहिला.

"पाठ फिरव."

गोजरानं पाठ फिरवली. ठकूबाईनंही फिरवली. थोड्या वेळानं मागून आवाज आला, लपक, लपक.

"अगं, पितोय की!" गोजरा हरखली. "मग कशापायी रडतीस?"

"गोजरे, अख्खं गाव पाठ फिरवंल का?"

गोजरानं पदरानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "आधी पाटलांना जाऊन सांग."

ठकूबाई पाटलांच्या दारी गेली. ते चावडीवरून आले ते दार लावूनच बसले होते. दार उघडलं नाही. वेशीवर गेली, वेस बंद. मग ती खापऱ्याला घेऊन नदीवर गेली. पलीकडं गेलं की सुटलो. ती कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि त्याला हाका मारायला लागली. "ये रे, ये माझ्या सोन्या." तो काठावर पुढं यायचा, एक पाय पाण्यात टाकायचा, आणि विव्हळत मागं सरायचा. तिनं उचलायला बघितलं, पण तिचं वय झालेलं आणि तो शिंगराएवढा. ज्या पाण्यातून तिनं त्याला ओढून काढलं होतं, त्याच पाण्यात ये म्हणून ती त्याच्यापुढं हात जोडत होती. तो आला नाही. पाटलांची माणसं आली आणि दोघांना घेऊन गेली.

चावडीपुढं मात्र जत्रेसारखी गर्दी. एकेक कुत्रं पुढं यायचं आणि परळात तोंड घालायचं. उन्हाचे दिवस, तहानेली होती बिचारी. लंगडं प्यालं, खरजुलं प्यालं, पाठ भाजलेलं प्यालं. "प्यालं गं, प्यालं!" बाया टाळ्या वाजवायच्या. ज्यांना जन्मभर दगड मारले, त्यांच्यासाठी गाव त्या दिवशी पहिल्यांदा हसलं. सगळी वाचली. आणि मग खापऱ्याला पुढं आणलं.

त्यानं परळ बघितला. भोवतीचे डोळे बघितले. त्याला कापरं भरलं, लाळ गळायला लागली, डोळे पांढरे झाले. गर्दी एकदम मागं सरली.

ठकूबाई ओरडली, "पिसाळला न्हाई तो! त्याला नजरंचं भ्या हाय. सगळ्यांनी पाठ फिरवा, मग पिईल. पाटील, तुमच्या पाया पडते, एवढं एकदा पाठ फिरवा!"

"पिसाळलेल्या कुत्र्याकडं पाठ करू?" पाटील म्हणाले. "ठकू, माझ्या भावाची चिता अजून गार झाली न्हाई."

"माझं काय, पाठ नि पोट सारखंच," गावातला आंधळा भिवा, कानांवरच जगणारा, गर्दीतून म्हणाला. "पण बाई खोटं बोलत न्हाई. फिरवा की रं." कुणी हसलं नाही आणि कुणी फिरलंही नाही. ज्याला दिसत होतं, त्याला भीती वाटत होती. पाटलांनी स्वतः काठी उचलली.

तेव्हा ठकूबाईजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे रोज करायची, तेच तिनं केलं. तिनं खापऱ्याकडं पाठ फिरवली, खाली बसली, आणि चावडीपुढची धूळ दोन्ही हातांनी मळायला लागली.

खापऱ्यानं सगळ्या डोळ्यांकडं बघितलं. मग तिच्या पाठीकडं बघितलं. त्याचं कापणं थांबलं. एवढ्या नजरा अंगावर असताना तो पुढं झाला, मान खाली घातली.

लपक.

"अरं थांबा!" भिवा ओरडला. "प्यालं की ते!"

पण काठी खाली आली होती.

परळातल्या पाण्यावर वलय उठलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं. खापऱ्याचं नाक ओलं होतं, तेही बघितलं. ठकूबाईनं मात्र मागं वळून बघितलं नाही. ती माती मळत बसून राहिली. दुसऱ्या घोटाची वाट बघत होती, असं म्हणतात.

मग तिनं त्याला गाढवाच्या पाठीवर घालून नेलं, आव्यात ठेवलं आणि आवा पेटवला. धूर वर गेला नाही, घराघरांतून फिरला, असं म्हणतात. आवा पेटता ठेवून ती नदीकडं चालायला लागली. गावातली सगळी कुत्री, तिनं वाचवलेली एकूण एक, तिच्या मागं निघाली. बांधलेल्यांनी दावी तोडली. कुणी म्हणतं, नदीनं तिला वाट दिली आणि ती पलीकडं गेली. कुणी म्हणतं, वाटबिट काही दिली नाही, पाणी डोक्यावरून गेलं. खरं काय, ते कुणालाच माहीत नाही. कारण ती जात होती तेव्हा अख्ख्या गावानं लाजेनं भिंतीकडं तोंड केलं होतं. तिनं मागितलं तेव्हा फिरवली नाही ती पाठ आता सगळ्यांनी फिरवली.

त्यानंतर उंबरटाकळीत भुंकणं ऐकू आलं नाही. लांडगे दिवसाढवळ्या मेंढरं न्यायला लागले. बाजारातून कुत्री आणली, तर ती इथल्या पाण्याला तोंड लावीनात, जीभ काढून पडायची आणि एक दिवस निघून जायची. कुत्रं कसं असतं ते ठाऊक नसलेली पोरं मोठी झाली. आणि रंगराव पाटलांना कुणी बघत असलं तर पाणी गिळवेना. पिसाळले नव्हते, चांगले होते, पण भांडं ओठापर्यंत यायचं आणि तसंच खाली जायचं. त्यांच्या घरात रीतच पडली. मामंजींपुढं तांब्या ठेवायचा आणि पाठ फिरवायची.

पाटलांची सून तानूबाई एकदा जुन्या आव्याकडं राख आणायला गेली. राखेत तिला एक परळ मिळाला, काठ फुटलेला. तेवढ्यात कुठून तरी एक गाभण कुत्री येऊन उभी राहिली, हाडं निघालेली. तानूबाईनं परळात पाणी ओतलं आणि घरच्या सवयीनं आपसूक पाठ फिरवली. मागून आवाज आला, लपक, लपक, लपक.

ठकूबाईची गोष्ट ती ऐकून होती; ती तिथंच रडली, असं म्हणतात. घरी येऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं. पाटलांनी पुढ्यातला तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "एवढंच मागत होती ती." पुढं ते फार दिवस जगले नाहीत.

आज उंबरटाकळीत कुत्री आहेत, पट्ट्यांची, पांढऱ्या डोळ्यांची, कुणाकुणाची. सगळी त्या गाभण कुत्रीच्या वंशातली. तिथं कुत्र्याला पाणी ठेवलं की माणूस पाठ फिरवतो. नव्या सुनेला हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि अक्षय तृतीयेला, जेव्हा सगळीकडं लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तेव्हा इथलं गाव आधी आव्याच्या जागी जमतं. मधोमध एक परळ भरून ठेवतात, खापऱ्याचा. मग म्हातारे, पोरं, पाटलांच्या घरचे, सगळे त्याच्याकडं पाठ करून उभे राहतात. कुणी हूं की चूं करत नाही. आंधळ्या भिवाच्या घरातला जो थोरला असेल, तो डोळे मिटून कान देतो. ज्या वर्षी तो आवाज येईल, त्या वर्षी ठकूबाईनं गावाला माफ केलं असं समजायचं.

ऊन चढतं. पाय दुखायला लागतात. सगळे वाट बघतात.

शेवटी भिवाच्या घरचा थोरला डोळे उघडतो आणि हळूच सांगतो, "न्हाई प्याला."

मग परळातलं पाणी राखेवर ओततात, आणि गाव आपापल्या घागरी भरायला घरी जातं.