रंधा फिरलेली फळी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि बैल बोलत असत. ऐकणारी माणसं मात्र तेव्हाही आजच्याइतकीच कमी होती.

एका नदीकाठी एक गाव होतं. त्याचा बाजार, वैद्य आणि सोयरेधायरे सगळे पलीकडच्या तीरावर. पाणी ओसरलं की गाड्या उतारातून पार होत. पण पाण्यात पहिली शिरायची ती एकाच घराची गाडी. ती पुढे गेली की बाकीच्या जात, ती माघारी वळली की सगळ्या वळत. पाच पिढ्या हा मान त्या घराकडे होता.

मान का होता, तेही सांगतो, कारण पुढचा सगळा अनर्थ हे 'का' विसरल्यामुळेच झाला.

त्या घराची एक दमणी होती, म्हणजे हलकी, छपराची बैलगाडी. तिची चाकं चारदा बदलली होती, आस दोनदा, आणि जू किती वेळा बदललं ते कुणाला आठवतही नव्हतं. मोडलं की नवं बसवायचं, कुरकुरलं की वंगण घालायचं, यात त्या घरानं कधी कसूर केली नाही. डाव्या बाजूची फळी मात्र पहिल्यापासून तीच होती. उन्हानं काळवंडलेली, पाण्यानं फुगून पुन्हा वाळलेली, आणि खालपासून वरपर्यंत ओरखड्यांनी भरलेली.

ते ओरखडे पोरखेळ नव्हते. उतारापाशी पाण्यात एक काळा धोंडा होता. दमणी आधी त्या धोंड्याशेजारी उभी करायची आणि पाणी फळीवर कुठवर टेकतं ते बघायचं. सुखरूप पार होऊन आलं, की विळ्याच्या टोकानं तिथे आडवी रेघ ओढायची. मधूनच परतावं लागलं, तर रेघेशेजारी फुली. एका रेघेशेजारी तीन फुल्या होत्या. त्या वेळी गाडी खालच्या वळणावर सापडली होती, हाकणारा सापडला नव्हता.

या रेघा धोंड्यावरच का नाही कोरल्या, असं कुणी विचारील. अहो, नदी धोंड्याला दर पावसाळ्यात वाळूनं घासते आणि जुनं काही शिल्लक ठेवत नाही. नदीचं एक समजू शकतो, तिला अक्कल नसते.

घरातल्या म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले होते. तो पाण्यात उभा राहून फळीवरून बोटं फिरवी आणि सांगे, "आज जायचं," किंवा "आज नाही." कासरा आता मुलाच्या हातात होता. मुलगा कष्टाळू होता, प्रेमळही होता. त्याचा एकच दोष, लोक काय म्हणतील याची त्याला फार काळजी.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. सुपारी फोडायला पलीकडचे व्याही आले. खाऊनपिऊन ओट्यावर बसले असता त्यांची नजर दमणीवर गेली.

"काय हो," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमची सून ह्या सरपणातून धाडणार का काय?"

सगळे हसले. मुलगाही हसला, पण बोल त्याला लागला. त्या हसणाऱ्यांत एकही जण असा नव्हता, जो त्या सरपणामागून नदी पार झाला नव्हता. खुद्द व्याहीसुद्धा त्याच दिवशी सकाळी तसेच आले होते! माणसं काय हसतात आणि कशाला हसतात, याची मला आजही चीड येते.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा म्हातारा डोंगरापलीकडे दिलेल्या आपल्या लेकीला आणायला पायवाटेनं गेला. तो दिसेनासा झाला तसा मुलानं रंगाऱ्याला बोलावलं.

रंगारी जाणता होता. त्यानं फळीवर हात ठेवला आणि थांबला.

"धनी, ह्या रेघा कशाच्या?"

"जुन्या लोकांच्या खुणा आहेत कसल्या तरी," मुलानं विषय उडवून लावला.

"मग ही फळी तेवढी सोडू का? बाकीची गाडी अशी रंगवतो, की लोक बघत राहतील."

"एक फळी काळी आणि बाकीची लाल? बरं दिसंल का ते? रंधा मार."

"म्हाताऱ्या धन्याला एकदा इचारलं असतं..."

"गाडी माझी आहे का त्यांची?"

रंगाऱ्यानं रंधा मारला. पाच पिढ्यांची विद्या भुशासारखी खाली पडली. तो ढलप्यांचा ढीग वाया जाऊ नये, म्हणून घरच्या माणसांनी काय केलं ठाऊक आहे? लग्नाच्या स्वयंपाकाची चूल पेटवायला वापरला. लाडू त्याच जाळावर झाले. गावानं ते मिटक्या मारत खाल्ले आणि गाडीचं तोंड भरून कौतुक केलं. लाल रंग, पिवळी नक्षी, चाकांना हिरवा पट्टा. "आता शोभते मानाची गाडी!" असं म्हणणाऱ्यांना मान कशाचा होता याचाच विसर पडला होता.

म्हातारा लेकीला घेऊन परतला तेव्हा लग्नघटका जवळ आली होती. आधी तो गाडीजवळ गेला. सवयीनं त्यानं फळीवर हात ठेवला. फळी गुळगुळीत होती. त्यानं पुन्हा हात फिरवला, वरून खाली, खालून वर.

"कुणी केलं हे?"

"मीच, बाबा. कशी दिसते?"

"मला दिसत नाही, हे ठाऊक आहे तुला." म्हाताऱ्यानं फळीवरचा हात काढून घेतला. "घर जीव देऊन जे शिकलं, ते तू चुलीत घातलंस. आता पाण्याला काय विचारू मी? कुठल्या तोंडानं सांगू, जायचं का नाही?"

"तुम्हाला पाठ असतील की रेघा."

"माझ्या बोटांना पाठ होत्या रे. डोक्याला नव्हत्या."

दारात मांडव होता, म्हणून म्हातारा पुढे बोलला नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. तेवढ्यात डोंगरावर अवकाळी पाऊस कोसळला. गावात मात्र लख्ख ऊन होतं.

पाठवणीची वेळ झाली. नवरानवरी दमणीत बसली, मागे वऱ्हाडाच्या गाड्या लागल्या. काठावर येऊन बघतात तो पाणी गढूळ आणि चढलेलं. मुलानं रीतीप्रमाणे गाडी काळ्या धोंड्याशेजारी उभी केली. पाणी फळीला टेकलं. सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्याकडे वळल्या.

"मला सांगता येत नाही," म्हातारा म्हणाला. "आणि सांगता येत नसेल, तर जायचं नाही."

मागच्या गाडीतून व्याही ओरडले, "गृहप्रवेशाचा मुहूर्त टळतोय! गाडी नुसती मिरवायला रंगवली का?"

जोडीतला डावा बैल म्हातारा होता. बारा वर्षं तो या उतारातून चालला होता. त्यानं मान वळवली आणि म्हणाला, "धनी, पायाखालची वाळू सरकतीय. आज माघारी चला."

मुलानं ऐकलं. ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. पण त्याच्या पाठीवर सगळ्या वऱ्हाडाचे डोळे होते. लग्नासाठी आणलेला गोंड्याचा चाबूक त्यानं उचलला आणि बारा वर्षं जिवाला जपणाऱ्या त्या मुक्या नव्हे, बोलणाऱ्या जनावराच्या पाठीवर ओढला. एकदा नाही, तीनदा. बैल खोल पाण्यात उतरला.

"तू जाणारच असशील, तर नात माझीही आहे," असं म्हणत म्हाताऱ्यानं कमरेचा विळा चाचपला आणि बैलांच्या मानेवर हात ठेवून तोही पाण्यात शिरला.

ऐन मध्यावर चाकांनी तळ सोडला. गाडी आडवी फिरली. म्हाताऱ्यानं चाचपडत उजव्या बैलाची जुपणी, म्हणजे जुवाशी बांधणारी दोरी, कापली. नवरानवरी त्या सुटलेल्या बैलाला बिलगली आणि काठावरच्यांनी टाकलेल्या चऱ्हाटापर्यंत पोहोचली. बापलेकांनाही लोकांनी ओढून काढलं. डाव्या बैलाची जुपणी कापायला वेळच मिळाला नाही. गाडी त्याला घेऊन गेली.

पाणी ओसरायला तीन दिवस लागले. दमणी खालच्या वळणावर, झुडपात अडकलेली सापडली. लाल रंग नव्हता, पिवळी नक्षी नव्हती. वाळूनं सगळं खरवडून नेलं होतं आणि फळी पांढरीफटक पडली होती. जुवात डाव्या बैलाची मान तशीच होती. पाठीवर तीन वळ होते. ते काही नदीनं पुसले नव्हते.

मुलगा तिथेच मटकन बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. म्हाताऱ्यानं त्याला रडू दिलं. मग कमरेचा विळा काढून त्याच्यासमोर धरला.

"ऊठ. पहिली रेघ काढ. शेजारी फुली मार."

मुलानं विळा घेतला. तो फळीपाशी गेला, विळ्याचं टोक टेकवलं, उचललं, पुन्हा खाली टेकवलं.

"बाबा," तो म्हणाला, "पाणी कुठवर टेकलं होतं, ते मी बघितलंच नाही. लोक गाडीकडं बघतायत का, ते बघत होतो."

म्हाताऱ्यानं विळा परत घेतला आणि कमरेला खोचला.

इतका मोठा घात झाला, आणि त्यातून एक रेघसुद्धा मिळाली नाही! पुढे कित्येक वर्षं पाणी जरा गढूळ दिसलं की गाव काठावर बसून राही. बाजार बुडे, आजारी माणसं वैद्याची वाट बघत कण्हत पडत. कारण जायचं की नाही, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. आणि व्याही? ते चारचौघांत सांगत, "गाडी बाकी दिसत होती झकास."

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: मोडलेलं जरूर दुरुस्त करावं, पण जुन्या वस्तूवरचे वण जो न वाचताच पुसतो, त्याला ते पुन्हा आपल्या आणि आपल्या माणसांच्या अंगावर झेलावे लागतात.