काळं पडलेलं अस्वल

खण्! चारशे वर्षांपूर्वी बर्नमधल्या एका पाववाल्याच्या दगडी ओट्यावर पडताना झालेला तो आवाज त्या छोट्या नाण्याला अजून आठवत असे. त्याच्यावर बर्न शहराचं चिन्ह असलेलं अस्वल होतं. आता ते जुनी स्विस चिल्लर जमवणाऱ्या रुएडी आजोबांच्या पेटीत काळंकुट्ट होऊन पडलं होतं.

शेजारचं झुरिकचं सिंहाचं नाणं मात्र लखलखत होतं. आजोबांनी गेल्याच आठवड्यात ते राख आणि लिंबाने घासलं होतं. "काय रे काळ्या, तोंड धुतलंस का कधी?" ते हसलं. "आज तुझी पाळी!"

आजोबा खरंच राख आणि लिंबू घेऊन आले.

"आजोबा, आधी याचा सिंह बघा," काळं नाणं शांतपणे म्हणालं. "माझं अस्वल हातोहाती फिरून झिजलंय. उरलंय तेवढं या काळ्या थराने जपलंय. घासलंत तर तेही जाईल."

"बघा की, खुशाल बघा!" सिंहाचं नाणं ऐटीत म्हणालं.

आजोबांनी भिंग लावलं. सिंहाला ना डोळे उरले होते, ना आयाळ. त्याच्यावरून त्यांनी हळूच अंगठा फिरवला. मग राख आणि लिंबू उचललं आणि ते निघून गेले.