मोठा पडदा

संगणकही म्हातारे होऊ लागले, त्या काळची गोष्ट. तालुक्याच्या एका साप्ताहिकाचे जुने अंक वाळवीनं खाल्ले होते. अठरा वर्षांच्या बातम्या उरल्या होत्या त्या फक्त कचेरीतल्या संगणकाच्या हार्ड डिस्कपाशी, आणि तीही आता खटखट करू लागली होती.

दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, डिस्क बदला. आतलं सगळं आजच नव्या डिस्कवर घेऊ."

"पैसे एकाच वस्तूपुरते आहेत," मालक हेरंबराव म्हणाले. "डिस्क कुणाला दिसते? उद्या आमदार येतायत. संगणकाला मोठा पडदा लावा!"

पडदा आला आणि डिस्कला म्हणाला, "काय आजी, सारखी कुरकुर!"

"बाळा, बंधारा फुटून मेलेल्यांची नावं माझ्यापाशी आहेत. मी गेले की तीही गेली."

"आमदारांना नावं नकोत, फोटो हवाय."

दुसऱ्या दिवशी पडद्यापुढे फोटो निघाला. टाळ्यांच्या कडकडाटात डिस्कची शेवटची खटखट कुणालाच ऐकू आली नाही.

आठवड्यानं एक बाई भरपाईसाठी नवऱ्याच्या मृत्यूची बातमी मागायला आली. पडद्यानं तिला दारातूनही वाचता येईल अशा ठळक, सुबक अक्षरांत उत्तर दिलं: "डिस्क सापडत नाही."