एक लाख तीन

"ते सगळं ठीक आहे रे. पण जप किती झाला?"

सोमनाथबुवांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. हेरंब पाटीवरून मान वर करायला तयार नव्हता.

गिरणाकाठच्या त्या मठात बुवांसकट आठ माणसं. त्यातला भिकोबा पाच दिवस तापाने फणफणत आतल्या खोलीत पडला होता. वैद्याचे काढे चालू होते. त्याला उतार पडावा म्हणून लाखभर जपाचा संकल्प हेरंबाने मोठ्या तोऱ्यात एकट्याच्या अंगावर घेतला होता.

मठाची रीत अशी, की मोजण्यात चूक झाली तर कमी पडू नये म्हणून लाखावर चार-दोन जप जास्त धरायचे. हाती घेतलेला जप इतरांनी वाटून घ्यायचा झाला, तर वाटे सारखे पडले पाहिजेत. बाकी उरलेली चालत नाही.

"एक लाख तीन, बुवा!" हेरंबाचा चेहरा फुलला होता. "मूळ संख्या आहे. तीनशे सोळापर्यंतच्या पासष्टच्या पासष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरते."

"बरं, मग?"

"मग कुणाला वाटा मागताच येणार नाही. भिकोबा उठेल तो माझ्या एकट्याच्या जपाने."

आतून भिकोबाचं कण्हणं ऐकू आलं...

"जप किती झाला, हेरंबा?"

"तो... अजून सुरू व्हायचाय. शेवटचा भागाकार आत्ताच संपला ना."

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला. पाच दिवस! तिकडे माणूस तापाने होरपळतोय आणि हा शहाणा भागाकार करत बसलाय. असल्या हुशारीपुढे कुणी डोकं तरी किती फोडायचं?

"माळ घे. एक म्हण."

"आधी स्नान करून..."

"म्हण म्हणतो ना!"

हेरंबाने घाबरून नाम घेतलं. एक मणी सरकला.

"थांब. आता किती राहिले?"

"एक लाख दोन."

"भाग."

"दोनाने जातो... तिनाने पण..." हेरंबाची पेन्सिल अडखळली. "साताने..."

"बोल. साताने किती?"

"प्रत्येकी चौदा हजार दोनशे शहाऐंशी."

"बाकी?"

हेरंबाने भागाकार पुसला, पुन्हा मांडला. तोंड एवढंसं झालं.

"शून्य."

बुवांनी हाक मारली. अंगणातून, गोठ्यातून, चुलीपासून पाच जण आपापली माळ घेऊन आले. भिकोबा सोडला तर सगळा मठ ओसरीवर जमला. सात माणसं.

"पण बुवा..." हेरंबाचा आवाज रडवेला झाला. "मग यात माझं असं काय राहिलं?"

बुवांनी खुंटीवरची स्वतःची माळ काढली.

"पहिला तुझा होता. आता ती पाटी उचल आणि मला बसायला जागा दे."