लवूचे हिरवे डोळे

"घालू काय, आपा?"

हर्षद गवसाच्या बोटाच्या टोकावर एक हिरवी चकती होती. दशावतारी मंडळात आल्यापासून आज पहिल्यांदा त्याच्या वाट्याला राक्षस आला होता, आणि दुपारपासून स्वारीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

आपा राऊळ आरशात बघून गालाला रंग लावत होते. हर्षदला तलवार धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी मान वळवली नाही.

"काय ता?"

"रंगीत लेन्स! डोळ्यात घातली काय मांजराचे डोळे! आपा, शेवटच्या रांगेतलो मनीस हादरतलो!"

"कोणाची?"

"आपल्या लवूची. काल राकस करताना तेणा घातल्यान, आज माका दिल्यान."

जोडीतली दुसरी लेन्स समोर बामाच्या रिकाम्या डबीत, पाण्यात पडली होती. डबी धुतलेली होती म्हणे. वास मात्र अजून येत होता.

"हात धुतलंस?"

हर्षदने हात पाठीमागे नेले. बोटं तेलकट रंगाने बरबटलेली होती.

"डोळे डाक्तराक दाखवलंस?"

"कित्याक? माका खय नंबर आसा?"

"नंबर नाय, पण डोळो आसा मा?" आपा आता वळले. "सोमवारी सावंतवाडीक जा. डाक्तराकडे डोळो मापून घे, तुझी तू घे. हिरवी घे, निळी घे. माझी हरकत नाय."

"सोमवारी? आपा, माझो राकस आज आसा!"

आवाज चढला, तसा तो स्वतःच चपापला. गुरूपुढे असं बोलायची त्याची छाती नव्हती. पण बाहेर लोक जमत होते, त्याची आईसुद्धा पुढे येऊन बसली होती. आज नाही तर कधी?

आपांनी डबी त्याच्यापुढे सरकवली.

"पी."

"...काय?"

"ह्यां पाणी. पी."

"श्शी! लवूच्या डोळ्यातली लेन्स त्यात बुडली हा! कालपासून आसा ता!"

"पियाचा नाय?"

"मेलंय तरी नाय!"



बाहेर मृदंगावर थाप पडली. हर्षदने एका हाताने पापणी ताणली.

"आणि मी काय ता तोंडात घालतंय? डोळ्यात घालतंय!"

आपांनी डबी उचलली आणि लेन्ससकट सगळं पाणी तोंडात ओतलं.

"आपा!" हर्षद किंचाळला. बोटावरची लेन्स कुठे उडाली, हे त्याने पाहिलंही नाही. त्याने म्हाताऱ्याचे दोन्ही खांदे धरले. "थुंका! आपा, आधी थुंका!"

आपांनी गाल फुगवून निवांत चूळ फिरवली. मग खिडकीशी जाऊन पिचकारी टाकली. हिरवी चकती पाण्याबरोबर बाहेर जास्वंदीत गेली.

हर्षदचा जीव भांड्यात पडला. तो धापा टाकत उभा होता, आणि बाहेर झांजाही सुरू झाल्या होत्या.

आपांनी पंच्याने ओठ पुसले.

"तोंडातला थुंकूक येता, बाबा."